गव्हाणेबाईंना बरोबर घ्या

तनुजा म्हस्केला विहिरीत डोकावायची खोड होती. कुणाच्या साखरपुड्याला गेली तरी आधी परसदारी जायची, काठावर ओणवी होऊन आत बघायची आणि मग हात धुऊन हळदीकुंकवाला बसायची. विश्रांतवाडीतल्या म्हस्क्यांच्या सुनेला हे वेड आहे हे आता नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणी विचारलं, तर तिची सासू मथुराबाई परस्पर उत्तर द्यायच्या. "पान्याची डाक्टर हाय ती. मान्सांची न्हाय, पान्याची."

पाण्याची डॉक्टर हे खरं होतं. भूजलात तिने पीएच.डी. केली होती, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठल्या खडकातून वाहतं, याचा अभ्यास. एका संशोधन संस्थेत नोकरी होती आणि टी. आर. म्हस्के या नावाने तिचे सात शोधनिबंध छापून आले होते.

पण विहिरीत डोकावायची खोड त्याच्याही आधीची, माहेरची.

माहेर कसबा पेठेत. वडील दत्तोबा गव्हाणे यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा ती कुसुम होती, कुसुम दत्तोबा गव्हाणे. मराठी शाळेत शिकली, पुढे प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पेठेतल्या जुन्या विहिरींत तिला एक जीव सापडला. तांदळाच्या कणीएवढा, पांढरा, कोळंबीच्या घाटाचा. आणि डोळेच नाहीत. खडकाच्या भेगांतल्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिला, अंधारात डोळ्यांचं काम उरलं नाही, म्हणून डोळे गेले. ते कसे गेले, किती काळात गेले, यावर तिने चार निबंध लिहिले. के. डी. गव्हाणे या नावाने. दारोदार जाऊन विहिरी मागायची, लांब दोरीला बांधलेली कापडी जाळी सोडायची. जाताना कसबा गणपतीला बाहेरूनच हात जोडायची. बाप्पा, आज जाळी रिकामी येऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

पंचाण्णव साली लग्न ठरलं. रविराज म्हस्के, विश्रांतवाडीच्या शेतकरी घरातला, पण कंप्युटर दुरुस्तीच्या कंपनीत नोकरीला. सगळं पसंत होतं. अडचण एकच निघाली. म्हस्क्यांच्या घरात आधीच एक कुसुम होत्या, मथुराबाईंच्या थोरल्या जाऊबाई. घरात त्यांचा फार मान.

"एका घरात दोन कुसुम कशा ठिवायच्या?" मथुराबाई बैठकीत म्हणाल्या होत्या. "उंद्या सुनंला वरडायची येळ आली, तर जाऊबाईंचं नाव घेऊन वरडू व्हय?"

बोलणं खरंच होतं. मग लग्नात परातीतल्या तांदळात रविराजने अंगठीने नवं नाव लिहिलं. तनुजा. तिला ते आवडलंही. राजपत्रात रीतसर छापून आलं, रेशनकार्डावर चढलं आणि दोन-तीन वर्षांत कुणी जुन्या नावाने हाक मारली तरी तिला आधी कळायचं नाही. नोकरी पाण्यावरच्या संशोधन संस्थेत मिळाली, तसा अभ्यासही पाण्याचा झाला. आंधळ्या कोळंब्या मागे पडल्या.

मागे पडल्या, पण मनातून गेल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात म्हस्क्यांच्या मळ्यातल्या विहिरीत तिने जाळी सोडली होती, आणि वर काढली तर तळाशी तेच पांढरे दाणे वळवळत होते.

"तुज्या म्हायेरचं हाय व्हय ह्ये?" मथुराबाईंनी विचारलं होतं.

तोच तर प्रश्न होता. कसबा पेठ नदीच्या अलीकडे, विश्रांतवाडी पलीकडे. दोन्हीकडचा जीव एकाच कुळातला निघाला, तर खडकाखालचं पाणी कधीकाळी जोडलेलं असणार. पाण्याची वाट पाण्याला विचारून कळत नाही, ती त्यात राहणाऱ्याला विचारावी. बारा-तेरा वर्षं हा विचार तिने कपाटातल्या जुन्या शालूसारखा जपून ठेवला होता.

दोन हजार आठ साली तो बाहेर काढणं भाग पडलं. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, सगळीकडे इमारती उठत होत्या. आयटीवाल्यांना घरं हवी होती. जागा ताब्यात आली की बिल्डर पहिल्यांदा विहीर बुजवायचा. म्हस्क्यांचा मळाही दिवाळीनंतर जाणार होता, मथुराबाईंची आणि रविराजसकट चारही भावांची सही झाली होती. तनुजाने घाईने प्रकल्पाचा अर्ज लिहिला. बुजायच्या आत सगळ्या विहिरींतले जीव आणि पाणी तपासायचं. अर्ज मंजूर करणारी समिती वर्षातून एकदाच बसायची. यंदा नाही झालं, तर पुढच्या वर्षी तपासायला विहिरीच राहणार नव्हत्या.

आणि इथेच तिने घोटाळा केला. संस्थेतल्या कारकुनाने बजावलं होतं, "मॅडम, अर्जावर जे नाव, त्याच नावाचे पेपर लावायचे. उगाच दुसऱ्या नावाचे लावाल आणि अर्ज परत येईल." सरकारी कागदाला घाबरायचं हे तिला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तिने गव्हाणेचे चारही निबंध यादीतून मुकाट्याने काढले. अर्जात मात्र त्यांच्याशिवाय भागत नव्हतं. म्हणून तिऱ्हाइताचा द्यावा तसा हवाला दिला. 'गव्हाणे यांनी दाखवल्याप्रमाणे', 'गव्हाणे यांच्या मते'. एका ठिकाणी तर तिने प्रामाणिकपणे लिहिलं, 'गव्हाणे यांचा हा निष्कर्ष घाईचा वाटतो.'

मुलाखतीच्या दिवशी ती देवापुढे निरांजन लावून निघाली. समितीत पाण्याचे एक तज्ज्ञ होते आणि प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका पद्मजा सोहोनी. सोहोनीबाई सदाशिव पेठेतल्या. सगळ्यांना अहो-जाहो करायच्या, पण त्या अहोची धार अशी की अरे-तुरे परवडलं असतं.

"पाण्याचं ठीक आहे," तज्ज्ञ म्हणाले. "सात निबंध आहेत, व्यवस्थित आहेत. पण अर्धं काम प्राण्यांचं. ते तुम्हाला कसं जमणार?"

तनुजा तोंड उघडणार, तोच सोहोनीबाई म्हणाल्या, "जमणार नाही. म्हणून सांगते, त्या गव्हाणेबाईंना बरोबर घ्या. काम चांगलं होतं त्यांचं. मी कंप्युटरवर शोधलं, पंचाण्णवनंतर एक ओळ नाही. कुठे गडप झाल्या कोण जाणे. पुण्यातल्याच आहेत, शोधा. अर्थात त्या येतील का, हा प्रश्न आहे. तुम्ही त्यांना घाईच्या म्हटलंय. मी असते तर चहासुद्धा विचारला नसता."

"मॅडम," तनुजा म्हणाली, "ती मीच."

"मीच म्हणजे?"

"गव्हाणे मीच. लग्नाआधीची."

तज्ज्ञांनी अर्ज पुन्हा उघडला. "पण गव्हाणे म्हणजे के. डी. आहेत. तुम्ही टी. आर."

"कुसुम दत्तोबा होते, सर. सासरी आधीच एक कुसुम होत्या, चुलत सासूबाई. मग पहिलं नावही बदललं."

"अहो, आमच्याकडे नुसत्या हौसेने बदलायचे," सोहोनीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे निदान कारण तरी होतं. आणि यादीतून का वगळलंत?"

तनुजाने कारकुनाचं सांगितलं. सोहोनीबाईंनी डोळे मिटून घेतले, जणू दात दुखतोय.

"हे सगळं खरं असेलही," तज्ज्ञ म्हणाले, "पण आज समोर पुरावा काय? राजपत्राची प्रत जोडा आणि पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी. तनुजाच्या डोळ्यांसमोर मळ्यातली विहीर आली, मुरुमाने भरलेली.

सोहोनीबाईंनी चष्मा पुसला. "एक विचारते. गव्हाणेंच्या पहिल्या निबंधात सगळ्या विहिरींची नावं आहेत, एकीचं नाही. नुसतं 'कसबा पेठ, एक विहीर'. कुणाची होती ती?"

उत्तर तनुजाला चांगलं माहीत होतं. पेठेतल्या एका लहानशा देवळाची विहीर. देवाच्या स्नानाचं पाणी तिचंच. पाण्यात किडे आहेत असा बोभाटा झाला तर लोक नावं ठेवतील, म्हणून पुजारीबाबा कबूल होत नव्हते. शेवटी गाभाऱ्यापुढे उभं करून त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता. आता बाबा हयातही नव्हते. एक नाव उच्चारलं की काम होणार होतं.

"नाही सांगता येणार, मॅडम," ती म्हणाली. "देवासमोर शब्द दिलाय. निबंध नाही छापला तरी चालेल, पण नाव..." ती थांबली. असंच कधीतरी आधी लिहिल्यासारखं तिला वाटलं.

"पण नाव सांगणार नाही," सोहोनीबाईंनी वाक्य पुरं केलं आणि तज्ज्ञांकडे वळल्या. "तो निबंध तपासायला माझ्याकडे आला होता. विहिरीचं नाव द्या, नाहीतर छापणार नाही, असं मी कळवलं. संपादकांमार्फत हेच उत्तर आलं, याच शब्दांत. मला इतका राग आला, की मी छापा म्हणून सांगितलं. हे उत्तर मी, संपादक आणि ती मुलगी, एवढ्यांनाच माहीत. लिहून घ्या, गव्हाणे याच आहेत. राजपत्र उद्या आणतील."

"आजच आणते," तनुजा म्हणाली.

"उद्या आणा. आज चहा घ्या. मघाशी म्हटलं ते मागे घेते."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, तशी रविराज पोट धरून हसला. मथुराबाई मात्र हसल्या नाहीत.

"म्हंजी माज्यापाई तुजं निम्मं काम दुसरीच्या नावावर ऱ्हायलं व्हय गं?"

"दुसरीच्या कुठे, आई? माझ्याच की."

त्याच आठवड्यात मथुराबाईंनी बिल्डरला मळ्यावर गाठलं. "इहीर बुजवायची न्हाय. माजी सही तेवढ्यावरच हाय," असं ठणकावलं. असं कागदात कुठेच नव्हतं. पण म्हातारी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसली आणि उठेना. शेवटी नकाशात विहिरीभोवती बाग दाखवून त्याने सुटका करून घेतली.

अर्ज मंजूर झाला आणि दिवाळीच्या आत कामाला सुरुवात झाली. पहिली जाळी मळ्यातल्याच विहिरीत सोडायची ठरली. तनुजाने काठाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दोर सोडला. रविराज पंपाशी उभा होता. निबंधावर नाव कुठलं घालायचं, यावर नवराबायकोची चर्चा चालली होती.

"दोन्ही घाल," मथुराबाई मधेच म्हणाल्या. "कुनाची पोर अन् कुनाची सून, दोन्ही कळूंदे लोकांस्नी."

"पण कुसुमकाकूंचं नाव, आई?"

"जाऊबाईला जाऊन पाच वर्सं झाली. तिला काय राग न्हाय यायचा. भली होती." मथुराबाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि मळ्यातून घरच्यांना हाका मारतात तशा खणखणीत आवाजात ओरडल्या, "कुसुम! अगं ए कुसुम! वढ की दोर, काय आलंय बघू दे!"

रविराज दचकून मागे बघायला लागला. तनुजाला या खेपेस मात्र जुन्या नावाची हाक लगेच कळली.

"ओ, आई," ती म्हणाली आणि जाळी वर ओढू लागली.