जिजाबाईचा नंबर

आंजी गावची जिजाबाई शेतात निंदायला बसली की हाताइतकीच तिची जीभही चालायची. म्हणून तर समता मजूर संघटना निघाली तेव्हा गजेंद्रने पहिली सभासद तिलाच केली. गजेंद्र तेव्हा फाटक्या चपलेतला पोरगा होता, पण बोलायला लागला की अंगावर काटा यायचा. संघटनेत कोणी साहेब नाही, सगळे सतरंजीवर बसतील, बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल आणि अध्यक्षपद दरवर्षी घरोघर फिरेल, हे नियम त्यानेच केलेले. त्या नियमांपायी जिजाबाईने वर्ध्याच्या मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या, आणि त्याचा तिला अजून अभिमान आहे.

पुढे गजेंद्रच्या गुडघ्यांना समता सोसेना. आधी खुर्ची लागली, मग खुर्चीखाली स्टेज लागलं, आणि गजेंद्रचा भाऊसाहेब झाला. अध्यक्ष दरवर्षी बदलायचा, पण बिचारा सहीपुरता. आर्वी रोडला भाऊसाहेबांनी वावर घेतलं, आणि तिथे बायांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळू लागली. कोणी विचारलंच तर ते म्हणत, समता एका दिवसात येत नसते. आपल्या वावरापर्यंत ती कधी पोचणार, हे मात्र सांगत नसत.

यंदा अध्यक्षपदाचा नंबर जिजाबाईचा होता. तिने आधीच गावभर सांगून टाकलं, "पह्यला ठराव भाऊसायबाच्या वावरातल्या मजुरीचा!"

"तू त्याले काऊन छेडून राह्यली?" नवरा लहानू घाबरून म्हणाला.

"नियम त्यानंच केला नं? मंग मले कायचं भेव?"

वार्षिक सभेत भाऊसाहेब समतेवर भरपूर बोलले. मध्ये रुमाल काढून रडलेसुद्धा. मग डोळे पुसत त्यांनी ठराव वाचला: फिरत्या अध्यक्षपदाचा फायदा समतेचे शत्रू घेत असल्याने यापुढे भाऊसाहेबच कायम अध्यक्ष राहतील, आणि जिजाबाईंना सन्मानाने महिला सल्लागार नेमण्यात येईल.

जिजाबाई तडक उठली. ती तोंड उघडणार तोच भाऊसाहेब माईकमध्ये गरजले, "समतेचा!"

"विजय असो!" सगळा मांडव ओरडला आणि मुठी वर गेल्या. घोषणा झाली की मूठ वर करायची, आणि पुढारी सांगेपर्यंत खाली आणायची नाही, ही संघटनेची जुनी शिस्त. पोलिसांसमोरसुद्धा कोणी ती मोडली नव्हती. जिजाबाईची मूठही गेली होती, सवयीने, सगळ्यांच्या आधी.

भाऊसाहेब पुढची घोषणा देईनात. बोट फिरवत ते शांतपणे हात मोजायला लागले. फोटोवाल्याने फोटोही काढला.

"अरे, हे घोषणेचे हात हायेत!" जिजाबाई किंचाळली. "मताचे नाई!"

"तुयाबी वरच हाये नं, मावशी," भाऊसाहेब मायेने म्हणाले. मग सेक्रेटरीकडे वळले. "लिहा, एकमताने मंजूर. मावशी, आता घे खाली."

संतापाने जिजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मूठ वर ठेवावी तर ठरावाला होकार, आणि खाली घ्यावी तर भाऊसाहेबांचा हुकूम पाळल्यासारखं. आयुष्यभर राबलेल्या त्या हाताचं आता करावं काय, हे तिला कळेना.