कुंदाबाईंच्या खुराड्यावरचं विमान

सातपुड्याच्या पायथ्याला कुंदाबाईंचं घर. बाईंनी साठी ओलांडलेली, पण आवाज असा की नाल्यापलीकडची म्हैस वळून पाहील. त्यांच्या अंगणातल्या खुराड्यावर विमानाचा पत्रा होता आणि त्याचं त्यांना काडीचंही अप्रूप नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं एक विमान ढगांत वाट चुकून वरच्या डोंगरावर आदळलं, आतले चौघे जागीच गेले. तेव्हा तरण्याबांड असलेल्या रुपचंदनं, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांनी, गावातली माणसं घेऊन त्या चौघांना अंजनाच्या झाडाखाली मूठमाती दिली आणि उतरताना एक पत्रा डोक्यावरून आणला. त्याला गंज चढत नाही, एवढीच त्याची थोरवी.

जळगावचे जितेंद्र मास्तर डोंगरात पक्षी पाहायला येत. त्यांनी एकदा खुराड्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. पत्र्यावरचे आकडे ओळखून इंग्लंडहून एक म्हातारा साहेब थेट अंगणात हजर! त्याचा सख्खा काका त्या विमानात होता. घरी तार आली होती ती फक्त ‘बेपत्ता’ अशी. साहेबाचं नाव पीटर. बाईंच्या तोंडी पहिल्याच दिवशी त्याचा ‘पित्तरभाऊ’ झाला.

पित्तरभाऊनं खुराड्यापुढे गुडघे टेकले, डोळे मिटून पत्र्याकडे हात नेला. आतून कोंबडीनं असा टोचा मारला की साहेब थेट शेणाच्या पाटीत.

“हात लाऊ नका भाऊ!” बाई ओरडल्या. “कोंबडी अंडासवर बठेल शे. पिल्ला निंघू द्या, मंग पत्रा ली जा.”

मास्तरांनी इंग्रजीत समजावलं. किती दिवस लागतील, असं साहेबानं विचारलं.

“ते कोंबडीले इचारा,” बाई म्हणाल्या.

साहेब राहिला. बाजेवर झोपला, मास्तरांबरोबर पक्षी पाहू लागला. पहिल्या शेवभाजीला त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. काकाच्या आठवणीनं रडतो आहे असं समजून बाईंनी मायेनं आणखी दोन डाव वाढले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बाईंनी सासू-सासऱ्यांच्या नावानं घागर भरली आणि शेजारी आणखी एक लहान घागर ठेवली. ही कोणाची, असं साहेबानं मास्तरांकरवी विचारलं.

“तुमना काकानी. आनि त्याना तिन्ही दोस्तनी. सासूबाई सांगी गयी, त्यास्नं आठे कोनी नई, आपुनच पानी देवानं.”

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाचे डोळे पुन्हा वाहू लागले, आणि या वेळी भाजी वाढलेली नव्हती.

दुपार कलल्यावर तिघं अंजनापाशी चढून गेली. बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीकडे बघून हाक घातली, “ऐका रे भो! तुमना घरना माणूस उना शे. त्याले आपली बोली येत नई. तुम्ही इतला वरीस ऐकी राहिनात, तुम्हीच समजाडी ल्या.”

काय म्हणाल्या, असं साहेबानं विचारलं. “तुमची ओळख करून दिली,” मास्तर म्हणाले. साहेबानं टोपी काढून झाडाला लवून नमस्कार केला.

पिल्लं निघाली. पत्र्याच्या सावलीत ती चिवचिवत होती. साहेबानं एकदा पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “राहू द्या इथंच.”

जाताना त्याच्या पिशवीत अंजनाखालची मूठभर माती होती आणि बाईंनी कुटून दिलेला मसाला. दोन्हींचा रंग एकच. मास्तरांनी पुड्यांवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नावं लिहून दिली.