जरा हसा की, पावणं!

फोटो स्टुडिओत नोकरी केलेल्या माणसाला कुणी किस्से विचारू नयेत. एक सांगायला घेतला की मागचा त्याला ढकलून पुढं येतो! सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका स्टुडिओत रिटचिंग करायचो. म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या घालवायच्या. फोटो काढायचे मालक, आबा. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातून त्यांचा आवाज यायचा, "जरा हसा की, पावणं!" आणि तिथंच सगळी पंचाईत व्हायची.

जयसिंगपूरचे एक व्यापारी मुलीला घेऊन आले. दाखवायचा फोटो. आधीच्या फोटोवर बरेच नकार आलेले. पोरगी काही केल्या हसेना. बाप कावला, "अगं, हस की!"

ती म्हणाली, "कशाला हसू, तेवढं सांगा."

बाप आबांकडे बघायला लागला, आबा माझ्याकडे. शेवटी तसाच फोटो काढला. थोड्याच दिवसांत बाप पेढे घेऊन हजर! मुलाकडच्यांनी कळवलं होतं, "मुलगी सोसणारी दिसते. पसंत आहे."

एक हेडक्लार्क आले होते. रिटायर होणार, ऑफिसात लावायला फोटो हवा. आबा म्हणाले, "साहेब, चेहरा आनंदी करा."

"वरिष्ठांसमोर करतो तो, की घरी करतो तो?"

"खरा करा की!"

हेडक्लार्कांनी बराच वेळ प्रयत्न केला. मग टाय सैल करत म्हणाले, "वरिष्ठांसमोरचाच काढा."

इचलकरंजीचा यंत्रमागावरचा एकजण लग्नाचा फोटो घेऊन आला. बायको सासूशी भांडून माहेरी गेलेली, परतायचं नाव नाही. म्हणाला, "आई म्हणत्या, हिला फोटोतनं काढून टाका. भित्तीवर मी एकटाच पायजे."

मी काम करून दिलं. आता त्याच्या शेजारी नुसता पांढरा पडदा. फोटो घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आन् तिचा?"

"तिचा कसला?"

"काढून टाकलेला की! बारका करून द्या. पाकिटात बसंल असा. पर आईला कळाय नको!"

खुद्द आबांचं प्रकरणही काही वेगळं नव्हतं. मागच्या गल्लीतल्या मास्तरांची सुमन दाखवायचे फोटो आबांकडेच काढायची. नकार आला की पुन्हा यायची. आणि तिला नकार आला की आबा दिवसभर शीळ घालायचे! विचारायचं धाडस मात्र त्यांना कधी झालं नाही. एकदा खिडकीतून ऊन असं काही पडलं की तिचा फोटो फारच सुरेख आला. पहिल्याच स्थळानं होकार कळवला.

मी म्हटलं, "आबा, मुद्दाम बिघडवायचा की हो!"

आबा म्हणाले, "बटण दाबताना ध्यानातच आलं नाही रे. इतकी चांगली दिसत होती!"

लग्नाच्या फोटोंचं कामही आबांनाच मिळालं.

मलकापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको वारली होती. भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो त्यानं पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवला. बायको अगदी कडेला उभी, तोंड दुसरीकडं फिरवलेलं. दिसत होता तो फक्त अंबाडा आणि एक कान.

"मालक, हिचं त्वांड जरा हिकडं वळवा की."

मी समजावलं, "मामा, डाग घालवता येतात, फोटो मोठा करता येतो. पण तोंड वळवता येत नाही हो."

त्यानं फोटो परत घेतला. धोतराच्या सोग्यानं पुसला.

"ऱ्हाऊ द्या. मला बी आयुष्यभर जमलं न्हाय. म्हटलं, तुमच्याकडं मशीन हाय."