दगडावरचा शब्द

ल्युबिशा गेला आणि आमच्या निश शहरातल्या कॅफेतल्या शनिवारच्या बैठकीत एक खुर्ची रिकामी झाली. भांडण मात्र होतं तिथेच राहिलं. ही सगळी एका अंतराळकादंबरीची भक्तमंडळी. शेवटच्या पानावर जगबुडीतून शेवटचं यान सुटतं आणि मागे राहिलेली बाई यानातल्या नवऱ्याला ओरडून सांगते, ‘तामेल’. अर्थ न सांगताच लेखक वारला आणि यांच्या जिवाला कायमचा घोर लावून गेला.

ल्युबिशाच्या बायकोने, देसांकाने, त्याच्या या वेडाला जन्मभर नावं ठेवली. तो तिकडे शब्दाचा कीस पाडायचा आणि घरचा नळ ठिबकत राहायचा. पण जाताना त्याने एकच मागितलं, थडग्यावर ‘तामेल’ कोरून घे. आमच्या सर्बियन रीतीप्रमाणे एकाच दगडावर दोघांची नावं होती. तिच्या नावापुढे जन्मसाल, एक रेघ आणि पुढे मोकळी जागा. पाथरवटाने ल्युबिशाच्या नावाखाली खडूने शब्द लिहिला, तेव्हा तिने त्याला थांबवलं. अर्थ ठाऊक नसताना नवऱ्याच्या उशाशी काहीबाही कोरून घेणारी बाई ती नव्हे.

शनिवारी ती पहिल्यांदाच कॅफेत गेली. निवृत्त मास्तर स्वेतोझार म्हणाला, तामेल म्हणजे कायमचा निरोप. दातांची डॉक्टर गॉर्दाना म्हणाली, छे, ‘परत ये’. मग दोघांची अशी जुंपली की विधवा समोर बसली आहे हेही विसरले. दात उपटता उपटता हिची अक्कलही उपटली गेली, इथपर्यंत मास्तरांची मजल गेली.

“तुमचे अर्थ घाला चुलीत,” देसांका म्हणाली. “माझा माणूस काय म्हणायचा?”

दोघंही ओशाळली. गॉर्दाना हळूच म्हणाली, “वहिनी, तो म्हणायचा, तामेल म्हणजे ‘तू हो पुढे, मी आलेच.’ आम्ही हसायचो त्याला. जगबुडीत कुणी असं घरगुती बोलतं का? तर म्हणायचा, मी बूट घालून दारात उभा राहिलो की आमची देसांका आतून रोज हेच ओरडते.”

देसांका तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडली.

सोमवारी तिने दगडावरचा खडू तळहाताने पुसला आणि पाथरवटाचा हात धरून आपल्या नावाखाली नेला.

“इथे कोर,” ती म्हणाली. “हे त्याने नाही, मी म्हणायचंय.”