दिव्यांभोवतीचे रंग

मामांच्या हातून सरळ अक्षर कधी निघालं नाही. कुठं ते तव्यावरच्या लोण्यासारखं वितळायचं, कुठं फुगून फुटायच्या बेतात यायचं, आणि शिरोरेषा तर हेलकावे खात पार कागदाबाहेर जायची. नांदेडात आमच्या वस्तीच्या तोंडाशी त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बॅनर, जयंतीची पोस्टरं सगळी तिथंच व्हायची. लोक त्यांना ‘चक्री पेंटर’ म्हणायचे. माझे ते मामा, आईचे थोरले भाऊ.

“वाचता येत नाही हो,” अशी कुणी तक्रार केली की स्वारी खूश. “पटकन वाचलं की माणूस पटकन पुढं जातो. थांबला पाहिजे. डोळा गरगरला पाहिजे!” या हट्टापायी एका लग्नाची पत्रिका अशी छापली, की निम्मं वऱ्हाड अक्षता पडल्यावर पोचलं. नवरदेवाचा बाप दुकानात येऊन वाट्टेल ते बोलला. मामा शांतपणे म्हणाले, “पण पत्रिका फेकली का कुणी? न्हाई ना!” खरंच नव्हती फेकली. दोन घरांत ती अजून चौकटीत लावलेली आहे, आता बोला.

हे खूळ मुंबईचं. तरुणपणी चित्रकला शिकायला गेले, तिथं फूटपाथवर परदेशी गाण्यांच्या रेकॉर्डचं एक रिकामं कव्हर मिळालं. सगळे रंग एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. तिकडची पोरं लढाईला, बापजाद्यांच्या रीतींना ‘नाही’ म्हणताहेत आणि ते असं रंगवताहेत, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं. “आपल्या वस्तीतली पोरं दुसरं काय म्हणून राहिली होती?” मामा म्हणायचे. गावी परतले ते आमच्या चिडलेल्या कवींच्या मासिकांची मुखपृष्ठं करायला लागले. त्यात कवींनाच आपापली नावं शोधावी लागायची.

मामा गांजा ओढतात, अशी गावभर बोलवा होती. बिचारे बिनसाखरेचा चहा पिणारे! एकानं तोंडावर विचारलं, तर म्हणाले, “लाल आन् हिरवा शेजारी बसव, लगेच भांडाया लागतात. तुझ्या चिलमीत येवढी ताकद हाय का?” जयंतीच्या पोस्टरवर निळ्याला लागून ते नारिंगी रेघ ओढायचे. लहानपणी मी त्या पोस्टरपुढं खूप वेळ उभी राहायची. निळा रंग थरथरायला लागायचा. मग डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ते रंग पोहत राहायचे आणि मला घरी जावंसंच वाटायचं नाही.

मामांची सत्तरी उलटल्यावरची गोष्ट. दिवेलागणीला ते ओट्यावर जाऊन बसायचे, मामीनं जेवायला हाका मारल्या तरी उठायचे नाहीत. एकदा मी शेजारी टेकले. “काय बघताय एवढं?”

“दिव्यांला कडी आलीत बघ. आत निळं, भायेर तांबडं. जल्मभर जे काढलं ते आता आपोआप दिसून राहिलंय.” त्यांचा चेहरा अगदी तृप्त होता, पण दिव्यांभोवती कडी दिसणं चांगलं नव्हे, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

“डोकं दुखतं का?”

“दुखतं थोडं. कुणाला सांगू नको. दवाखान्यात न्याल, आन् डाक्टर हे सगळं काढून टाकील.”

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी त्यांना ओढतच घेऊन गेलो. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजवा वाचवायचा तर ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. मामांनी एकच विचारलं, “मग ती कडी जातील का?” डॉक्टर म्हणाले, जायलाच हवीत, तो आजार आहे. “मग जरा इचार करू द्या,” म्हणून हा माणूस चक्क घरी निघून आला! असा संताप आला मला. मामी मात्र ओरडली नाही. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “चार दिवस दिवे बघाल हो. पण मला कोण बघणार मग?”

मामा बराच वेळ तिच्याकडं बघत बसले. मग उठून चपला घातल्या.

उजवा डोळा वाचला. पट्टी निघाल्यावर संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो. खांबावरचा दिवा लागला. “दिसतोय का?” मी विचारलं.

“दिसतोय. साधा दिवा हाय,” ते म्हणाले आणि लेकरासारखे रडायला लागले.

मामीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. “रडता काय! आमाला तरी कुठं दिसलं होतं ते? काढून दाखवा की.”

मग एका डोळ्यानं, जमेल तसं, मामा घराच्या भिंतीवर दिवे काढत राहिले. एकही अक्षर नाही, नुसते दिवे आणि त्यांची कडी. ते गेले तेव्हा सगळी वस्ती दारात जमली होती. मामी येईल त्याचा हात धरून त्याला आत भिंतीपाशी नेत होती आणि सांगत होती, “बघा, असं दिसायचं त्यांला.”