तीन सत्त्या

कीर्ती ही माझ्या धाकट्या दिरांची, काशिरामभावजींची मुलगी. विचुंब्यात आमची घरं एका भिंतीला लागून, त्यामुळे ती अर्धी माझ्याच स्वयंपाकघरात वाढली. हात भारी चपळ. कोलंबी सोलायला बसलो की माझ्या पाच होईपर्यंत तिच्या वीस. बी.कॉम. करून दोन वर्षं पनवेलला मोबाइलच्या दुकानात उभी राहिली आणि एक दिवस म्हणाली, जहाजावर जाते. मोठ्या प्रवासी जहाजांवर कसिनो असतो, तिथे टेबलामागे उभं राहून पत्ते वाटायचे. कामोठ्यात त्याचा क्लास आहे. खाली गणिताची ट्यूशन, वर हिरव्या कापडाचं टेबल.

"जुगार तो जुगार," मी म्हटलं.

"काकी, मी खेळणार नाय, वाटणार. तू प्रसाद वाटतेस तेव्हा आधी खातेस काय?"



क्लासच्या शेवटी सर टेबलावर परीक्षा घेतात. दोनदाच. पास झालं तर जहाजवाल्यांपुढे नाव जातं, नाही तर दिवाळीनंतरच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या परीक्षेत कीर्ती एक्क्यावर अडली. त्या खेळात पानावर जेवढे ठिपके तेवढी किंमत. गुलाम, राणी, राजा सगळे दहा. एकवीसच्या जवळ जायचं, ओलांडलं की बाद. एक्का मात्र अकराही होतो आणि एकही. समोर खेळणाऱ्याला एक्का आणि छक्की आली होती, म्हणजे सतरा. वर नव्वी आली. ती "सव्वीस, बाद" म्हणाली आणि पानं ओढून घेतली. एक्क्याचा एक झाला असता तर सोळाच होते, तो माणूस अजून खेळात होता.

मग पंधरा दिवस रोज दुपारी माझी पोथी वाचून झाली की आम्ही दोघी माझ्याकडे पत्ते मांडून बसलो. मला तो एक्का पटेचना. एकाच पानाची किंमत दर वेळी वेगळी, हा काय न्याय झाला? चिडून मी एकदा कॅट आपटलासुद्धा. शेवटी माझ्या पद्धतीने सांगितलं, "एक्का आधी एकच धर. सगळी बेरीज कर. मग डब्यात वर अजून दहा लाडू मावतात का बघ. मावले तर भर, नाही तर झाकण लाव." त्यानंतर ती एकदाही चुकली नाही.

काल दुसरी परीक्षा झाली. मी मारुतीला नारळ बोलून ठेवला होता.

संध्याकाळी ती आली ती पिशवी कोपऱ्यात टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. मागोमाग भावजी.

"काय झालं ते सांग ना," मी म्हटलं.

सगळे डाव बरोबर आले होते. शेवटच्या डावात समोरच्याला तीन सत्त्या आल्या. एकवीस. कीर्तीच्या स्वतःच्या पुढ्यात, कसिनोच्या वतीने, एक्का, त्यावर राजा. तेही एकवीस, पण पहिल्या दोन पानांत झालेलं एकवीस सगळ्यांत मोठं. तिने त्या सत्त्या ओढून घ्यायला हव्या होत्या.

"मग?"

"हातच जाईना. ट्रेल होती ना, काकी. मी त्याला जिंकल्याची चकती दिली."

"तीन सत्त्या हरतात?" भावजी म्हणाले. "ह्यो कसला खेल हाय?"

"तसाच हाय, बाबा. नियम पाठ होता मला."

मी बोलले तिला. नको तेवढं बोलले. पंधरा दिवस मांडी घालून बसले, आणि ऐन वेळी हात जाईना म्हणजे काय?  माझं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "काकी, आपल्याकडे तीन सत्त्या एकदापण कशा नाय आल्या?"

मी कॅट आणून सगळी पानं पसरली. सत्ती एकच निघाली, बदामाची.

बाकीच्या तीन कुठे आहेत ते मला तेव्हा आठवलं. आमच्याकडे गणपतीत चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळतात. कोणाला ट्रेल आली, तीन सारखी पानं, की ती गणपतीपुढे ठेवायची, मी कुंकू लावायचं, आणि पुढच्या गणपतीपर्यंत ती देवघराच्या खणात. त्यांना कोणी हात लावायचा नाही. ही पद्धत मीच पाडली. गेल्या वर्षीची ट्रेल कीर्तीचीच होती. तीन सत्त्या. पंधरा दिवस देवघर पुसत होते, त्या खणावरून फडकं फिरवत होते, पण लक्षात म्हणून आलं नाही. नारळ काय बोलत होते मी मारुतीला?

भावजी जेवायला गेले. मी देवाला हात जोडले, खण उघडला, कुंकवाने डागाळलेल्या सत्त्या आणून तिच्यापुढे मांडल्या. तिच्या बाजूला एक्का, राजा.

"ओढ."

"आता कशाला? दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर परत हात अडेल. ओढ."

तिने पानांना बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि मग पानं ओढली.

"नमस्काराला तुझे सर थांबणार नाहीत," मी म्हटलं.

"मग परत मांड," ती म्हणाली.

मी परत मांडली.