परत बोलावलेल्या बाई

अमेरिकेत अल्फारेटाला लेकीकडे गेले, तेव्हा जावयाने, मंदारने, फिरायच्या जागा सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मला कोर्ट दाखवा." आपल्याकडची ज्युरी कधीच बंद झाली. वाचनालयातल्या पुस्तकांत भेटलेली ज्युरी मला प्रत्यक्ष बघायची होती.

"यार शिल्पा, धबधबा कॅन्सल कर. आईंना कोर्टात जायचंय!" मंदार हसत म्हणाला.

शिल्पाने सुट्टी टाकली. तुम्ही कधी जाणार असाल तर ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा, नाहीतर हायवेवरच बसाल. कोर्टात जायला तिकीट नाही, ओळख लागत नाही. दारात पर्स तपासली, पोळी-भाजीचा डबा उघडून पाहिला आणि हसून परत दिला.

खटला दरोड्याचा होता. आरोपी विशीतला काळा मुलगा, त्याची आई आमच्याच बाकावर. शिल्पा कानात समजावत होती: ज्युरीसाठी बोलावलेल्या लोकांना दोन्ही वकील प्रश्न विचारतात, काहींना कारण न देता वगळतात, उरलेले बारा जण निकाल देतात.

समोर बसलेल्यांत एक गोरे गृहस्थ चक्क पेंगत होते. आमचे हे कीर्तनात असेच पेंगायचे आणि मी कोपराने ढोसायची. आता ढोसायला कोणी नाही.

सरकारी वकिलाने एकेक करत काळी माणसं वगळली. शेवटी एक निवृत्त शिक्षिकाही गेल्या.

"आमचं कुणीच उरलं नाही," मुलाची आई पुटपुटली.

तेवढ्यात मुलाची वकीलबाई उठली. वर्ण बघून माणसं वगळता येत नाहीत, असा तिने आक्षेप घेतला. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला कारण विचारलं.

"त्या बाईंचं लक्ष नव्हतं."

"आणि जे झोपले होते, त्यांना ठेवलंत?" वकीलबाई म्हणाली.

"मी पण बघितलं!" मी मराठीतच बोलून गेले.

"आई, शू! बाहेर काढतील."

न्यायाधीश स्वतः गोरे. ते म्हणाले, "हे कारण मला पटत नाही. बाईंना परत बोलवा."

आरडाओरडा नाही, भाषण नाही. बाई आल्या, पदर सावरावा तसा स्कर्ट सावरून बसल्या. बाकीचे वगळलेले परत आले नाहीत, हेही खरं. पण भर कोर्टात सरकारी वकिलाला जाब द्यावा लागला, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता साताऱ्यात शेजारच्या काकू विचारतात, "मुलगा सुटला का हो?" मला माहीत नाही. निकालाआधीच माझं विमान होतं. त्याने दरोडा घातला की नाही, हे त्या बारा जणांनी ठरवायचं होतं. त्या बारांत बाई होत्या, एवढं मी डोळ्यांनी बघून आले.

फक्त आमच्या यांना सांगायचं राहिलं.